कॅसेटला लावलेला कौल

देवीच्या दोन्ही खांद्यांवर गुरवाने ओल्या कळ्या चिकटवल्या होत्या. समोरच्या ताटात किसनची कॅसेट होती. उजवीकडची कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. नकार आला तर कॅसेट धरणात सोडायची आणि किसनने ते गाणं पुन्हा गायचं नाही, असं गावाने ठरवलं होतं. त्याच कॅसेटची दुसरी कॉपी माझ्या पर्समध्ये होती. एसटीत वॉकमनवर मी तीच ऐकत आले होते. मी पर्स पोटाशी घट्ट धरून बसले.

तेव्हा मी पुण्यातल्या एका दैनिकात संगीतावर लिहायचे. मैफलींचे वृत्तांत, नव्या कॅसेट्सची परीक्षणं, असलं काम. किसन पानशेतला भज्यांची गाडी लावायचा. आमच्या फोटोग्राफरने भजी खाता खाता त्याचं गाणं ऐकलं आणि कॅसेट माझ्या टेबलावर आणून टाकली.

किसनचा सगळा एकहाती कारभार. एका टेपरेकॉर्डरवर डफ भरायचा, मग तो लावून ठेवून वर स्वतः गायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर घ्यायचा. गाताना तोंड तांब्याच्या हंड्यात. असं पुन्हा पुन्हा केलं की आवाज झिजतो, डुलायला लागतो. याला लो-फाय म्हणतात, म्हणजे घरगुती रेकॉर्डिंग, खरखर न काढलेलं. ऐकताना डोकं गरगरतं, म्हणून वर सायकेडेलिक. चाली आपल्या जात्यावरच्या ओव्यांच्याच होत्या. पण भर दुपारी ऑफिसात ऐकताना मला मागे वळून बघावंसं वाटलं, आणि तेच मला फार आवडलं.

संपादकांनी हेडफोन काढला. "अहो, याचा टेप बिघडलाय का तुमचा कान?"

"दोन्ही ठीक आहेत, सर. छापा."

छापलं. दुसऱ्या पेपरातल्या एका ज्येष्ठ समीक्षकांनी लगेच लिहिलं की, खरखरीलाच संगीत म्हणायचं तर यापुढे मिक्सरची मैफल ठेवावी. मी उत्तर दिलं. वाचकांची पत्रं आली. मी खुशीत होते.

मग एसटीडी बूथवरून किसनचा फोन आला. "मॅडम, गाणं जुन्या देवळात भरलं म्हून तुमी पेपरात लिवलं. गावात कुनाला ठावं न्हवतं त्ये."

रेकॉर्डिंग कुठे झालं हे परीक्षणात द्यायची आमची रीत. लिहिण्याआधी मी त्याला गाडीवर गाठलं तेव्हा त्यानेच मला सांगितलं होतं, मी लिहिलं. त्याचं मूळ गाव धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी जोती आणि देवळाचे दगड उघडे पडतात. गाव उठून वर वसलं तेव्हा देवीला बरोबर आणलं, पण आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, खालीच राहिल्या, असं लोक मानतात. म्हणून तिथे वाजवायचं नाही, गायचं नाही, कुणाला हाकसुद्धा मारायची नाही. किसनने तिथेच हंड्यात तोंड घालून गाणं भरलं होतं. आणि पेपर गावात पोचला त्याच आठवड्यात पाटलांच्या सुनेला पाणवठ्यावर भोवळ आली. ती तापात बरळायला लागली.

"गाव कौल लावनार हाय," किसन म्हणाला. "तुमी या. म्या एकटा न्हाई बसायचो देवीम्होरं."

कोणी अंगावर येईल, शिव्या देईल, या तयारीने मी गेले होते. तसं काहीच झालं नाही. सगळे भ्यालेले होते आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पाटील हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पर घरात लेकरंबाळं हायत."

गुरवाने विचारलं, "आई, किसनाचं गाणं ऱ्हाऊ द्यायचं का?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले आहे. त्या वेळी मी उजवीकडच्या कळीवरून नजर काढली नाही. डावीकडची कळी हळूच सरकली आणि पडली.

पाटलांनी किसनकडे पाहिलं. "आनखी कुटं हाय का ही कॅसेट? देवीम्होरं सांग."

किसनने माझ्या पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पर्स आणखी घट्ट धरली.

"न्हाई," तो म्हणाला. "येवढीच."

कॅसेट पाण्यात गेली. किसन मला एसटीपर्यंत सोडायला आला. मी पर्स उघडायला लागले तसा त्याने माझा हात दाबला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. हितं काडू नका."

पाटलांची सून बरी झाली. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी हिवताप सांगितला, गावाने देवीचे आभार मानले.

माझ्याकडच्या कॉपीवरून मित्रांनी कॉप्या केल्या, पुढे कोणीतरी सीडी केली. कॉलेजची मुलं ती एकमेकांना देऊ लागली. मिक्सरवाल्या ज्येष्ठांनीही काही वर्षांनी 'काळाच्या पुढचं काम' असं लिहिलं. मी ती कात्रणं घेऊन धावत पानशेतला गेले. किसन भजी तळत होता.

"पुढची कॅसेट कधी? लोक विचारतायत."

"गानं सोडलं, मॅडम."

"अरे, आता कोण अडवतंय? दुसरं गा. दुसरीकडे बसून गा."

त्याने झाऱ्यातलं तेल निथळू दिलं. "गाव न्हाई अडवत. देवीम्होरं ह्या तोंडानं खोटं बोललो. आता गायला तोंड उगडलं की भ्या वाटतं. आवाजच फुटत न्हाई."

कात्रणं त्याने वाचली नाहीत. भजी मात्र आग्रहाने खायला घातली.

परीक्षणासाठी आलेली कॉपी परत करावी, असा आमच्या धंद्यात नियम नाही. मी तो स्वतःपुरता केला आहे. किसनची तेवढी राहिली. तो ती हातात घ्यायला तयार नाही.