चालती फरशी

माझी आई चालत्या बसमध्ये कधी चढली नाही. डोणगावच्या फाट्यावर उभं राहायचं, हात दाखवायचा, गाडी पूर्ण थांबू द्यायची आणि मग पदर खोचून पाय उचलायचा, ही तिची पद्धत. तेही सोबत कोणी असेल तर. एकटी ती मेहकरलासुद्धा गेलेली नव्हती. अशी बाई व्हिडिओ गेममध्ये चालत्या फरशीपाशी अडकली, ह्याचं मला तरी नवल वाटलं नाही.

गेम भावाचा होता. तो शिकायला बाहेरगावी गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला. माझं शिक्षण संपलं होतं, नोकरीची वाट पाहणं चालू होतं, त्यामुळे दुपारी लाइट असली की मी खेळायचे. आई तुरीची डाळ निवडत शेजारी बसायची. गेममधली गोष्ट तिला कळली, तसं डाळीचं ताट माझ्याकडे आलं आणि कीबोर्ड तिच्याकडे गेला.

गोष्ट साधी होती. एक बाई हरवलेल्या मुलीला शोधत गावोगाव फिरते. खेळणाऱ्याने ती बाई व्हायचं. आई लगेच झाली. वाटेतल्या प्रत्येकाशी बोलायची, झाडपाला गोळा करायची, राक्षसांचा यथेच्छ उद्धार करून त्यांना मारायची. एक बटण दाबलं की ती बाई समोरच्याला हात करायची. आई ते कोंबड्यांसाठीही दाबायची.

शेवटी दरी आली. पलीकडे मुलगी, आणि मध्ये एक दगडी फरशी हवेतून ह्या काठावरून त्या काठावर ये-जा करत होती. जवळ आली की उडी मारायची, एवढंच. आईने बाईला काठावर उभं केलं आणि हात करायचं बटण दाबलं. फरशी आली तशी गेली. आईने पुन्हा हात दाखवला.

"आई, ती थांबत नसते."

"थांबन ना! कोनाले तरी उतराचं असनच."

मी हसून हसून लोळले. मग समजावलं, की हात दाखवू नकोस, थांबायची वाट पाहू नकोस, फरशी आली की चढ. पण ती जरा थबकायचीच, आणि बाई दरीत. कितीतरी दुपारी हेच चाललं. मी कीबोर्ड ओढला तर हातावर चापट बसली.

"तू नको करू. मले जाऊ दे तिच्यापाशी."

तेवढ्यात मला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. तेव्हापासून आई गेमला जास्तच चिकटली. "तू गेल्यावर मले कोन सांगन?" म्हणायची. मी जायच्या आत तिला पलीकडे पोचायचं होतं. नाही जमलं.

निघायच्या दिवशी फाट्यावर आम्ही दोघीच होतो. मेहकरला जाऊन मला पुण्याची गाडी धरायची होती. बस खच्चून भरून आली. आईने हात दाखवला. बस हळू झाली, पण थांबेना. कंडक्टर दारातून हात पुढे करून ओरडत होता. मी बॅग घट्ट धरून तशीच उभी. मला जायचं नव्हतं. बस थांबलीच नाही तर बरं, असं खरोखर वाटत होतं.

"काय पाहून राह्यली वं? फरशी आली ना, चढ!" आई ओरडली आणि तिने मला पाठीत ढकललं.

मी चढले. मागे वळून बघायलाही जागा नव्हती.

पुण्यात बस्तान बसेपर्यंत काही दिवस गेले. मग एका दुपारी तिचा फोन आला.

"गेली मी पलीकडं. एकटीनंच."

"मुलगी भेटली?"

"हाव, भेटली. लय वाळली हाये."

ह्या वेळी मला हसू आलं नाही.

"मेहकरून पुण्याची गाडी किती वाजता असते वं?" तिने विचारलं.