डाव लांबवणारी टीम

दर गुरुवारी दुपारी मी मोबाइल उघडून बसायचे. गुरुवारी लेकीच्या कंपनीला सुट्टी, म्हणजे ती खोलीवर असणार, म्हणजे गेममध्ये तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागणार. लागला तर काय करायचं ही भीती, आणि नाही लागला तर त्याहून मोठी.

लेक चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आम्ही ठरवत आणलेलं स्थळ तिने मोडलं, तेव्हा तिचे वडील म्हणाले, "पुन्हा या घरात पाय ठेवायचा नाही." तीही त्यांचीच मुलगी. बॅग भरली आणि कंपनीजवळ कुरुळीत खोली घेऊन राहिली. आमच्या निगडीहून कुरुळी काय लांब आहे का हो? पण जाऊन दार वाजवलं आणि तिने उघडलंच नाही तर? या धास्तीने मी कधी बसमध्ये चढले नाही. फोन ती उचलत नव्हती. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. उरला होता तो हा गेम.

तो तिनेच माझ्या मोबाइलवर टाकून दिलेला, नोकरी लागायच्या आधी घरी बसून होती तेव्हा. सहा राक्षसांची टीम बांधायची आणि समोरच्याच्या टीमशी झुंजवायची. म्हणायला राक्षस, निम्मे तर नुसते बाळसेदार. मी आधी सहा ताकदवान बघून घेतले आणि सपाटून मार खाल्ला. "आई, सहा पैलवान म्हणजे टीम नाही," ती हसत म्हणाली. "आधी हवा ठरव." या गेममध्ये हवा आणता येते. एखादा मैदानात उतरला की ऊन पडतं, दुसरा उतरला की पाऊस. पावसात पाण्याच्या राक्षसांना जोर चढतो, आगीच्यांचा निम्मा दम जातो. उन्हात बरोब्बर उलटं. ती उन्हाची. तिची टीम म्हणजे धडाधड आग. मी पाऊस घेतला, कारण पावसात माझ्या एका कासवाची जखम दर खेळीला थोडी थोडी भरून यायची. मला ते फार आवडलं. मात्र आणलेली हवा पाच खेळ्या टिकते, मग आभाळ कोरं.

ती गेल्यावर एका गुरुवारी मी घाबरत घाबरत तिला डाव मागितला. तिने घेतला. आठ-दहा खेळ्यांत मला भाजून काढलं आणि ठिपका विझला. मी मोबाइल हातात धरून तशीच बसून राहिले. पुढच्या वेळी जिद्दीला पेटून जिंकले, तर त्यानंतर दोन गुरुवार बाईसाहेब आल्याच नाहीत. माझं धाबंच दणाणलं. म्हणजे हरायचं नाही आणि जिंकायचंही नाही. डाव संपला की ती जाणार, आणि गेली की परत येईलच याची खात्री कुणी द्यायची?

मग मी टीमच तशी बांधली. मारकुटे सगळे काढून टाकले. पाऊस आणणारे दोन ठेवले, एक पडला तर दुसरा असावा. पावसात जखम भरणारे घेतले, आडोसा धरून वार चुकवणारे घेतले. कुठलाही शहाणा खेळाडू अशी टीम बांधणार नाही, कारण तिला जिंकता येत नाही. नुसतं टिकता येतं. एकेक डाव तासभर चालायला लागला. तेवढा वेळ माझी लेक माझ्यासमोर असायची, बोलत नसली तरी. प्रत्येक खेळीला घड्याळ लावलेलं असतं, मी अगदी शेवटपर्यंत थांबायचे. हिला कळलं असेल, ही वैतागली असेल, आता उठून जाईल, असं दर खेळीला वाटायचं. घामाने बोट स्क्रीनवर धड टेकायचं नाही. पन्नाशीच्या बाईने राक्षसांच्या गेमला एवढं घाबरावं! हसा, खुशाल हसा.

आणि एका गुरुवारी तिने मला गाठलंच. पाऊस आणणारे माझे दोघेही तिने आधी टिपले. मग एकामागून एक बाकीचे गेले. उरलं कासव, तेही अर्धमेलं. पाऊस थांबला, आभाळ कोरं झालं. समोर तिचा आगीचा सिंह. एक फुंकर मारली की खलास. वाटलं, आज ही ठरवूनच आलीय, आज संपवणार आणि पुन्हा काही येणार नाही. "अगं थांब ना गं!" मी मोठ्याने ओरडले. हॉलमध्ये टीव्ही चालू होता, तिचे वडील तिथेच बसलेले, पण मला भान राहिलं नाही. कासवाला आडोसा धरायला लावला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

वार आलाच नाही. डोळे उघडून बघते तर सिंह तिने माघारी घेतला होता आणि त्याच्या जागी एक बेडूक उतरवला होता. बेडूक उतरला आणि मैदानावर पाऊस सुरू झाला.

मला आधी समजेचना. उन्हाच्या टीममध्ये पाऊस आणणारा बेडूक? अगं बाई, तुझीच आग विझणार ना याने! आणि टीम डावाच्या आधी बांधायची असते. जागा सहाच, त्यातली एक तिने या बेडकाला दिली होती. म्हणजे हे तिला ऐनवेळी सुचलं नव्हतं, ती खोलीवर एकटी बसून हे ठरवून आली होती. इकडे कासवाची जखम भरायला लागली आणि मला हुंदका आवरेना.

टीव्हीचा आवाज बंद झाला. ती गेल्यापासून ज्यांनी एकदाही तिचं नाव घेतलं नव्हतं, ते दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडणार.

"अजून आहे का ती?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "पाऊस तिनेच आणलाय."

"मग घाई करू नकोस," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी येऊन बसले.