कोवळ्या तवशाला बोट

लालबागला आमच्या चाळीच्या गच्चीवर काचेचं एक घर होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांच्या दिवसांत रस्तोरस्ती काचा फुटल्या, त्यांतले धड तुकडे वेचून पुरुषांनी चौकटींत बसवले. थंडीसाठी नव्हे हो, मुंबईत कसली थंडी! गिरण्यांची काजळी पानांवर बसू नये म्हणून. प्रत्येक बिऱ्हाडाचा एक डबा, माती सगळ्यांची, आणि पाणी तांदूळ-भाजी धुतल्याचं.

मला पाचवा लागला आणि डोहाळे लागले तवशाचे. तवसं म्हणजे आमच्या कोकणातली जाडजूड काकडी. तेव्हा बाजारात तिचं नाव नव्हतं. डोहाळे राहिले तर पोराचे कान फुटतात, म्हणून सासूबाईंनी गावाहून बी मागवून स्वतः लावलं. वेल फोफावली, फुलं आली, बोटाएवढी तवशी दिसू लागली आणि पिवळी पडून गळाली.

सासूबाईंनी माझ्याकडेच पाहिलं. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी दाखवलं होतं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या बोटात एवढं आहे तरी काय? वेलीला पुन्हा तवशी धरली तेव्हा त्यांतल्या एकाला मी रोज मुद्दाम बोट दाखवलं, दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही गळाली. बोटावरचा आळ टळला म्हणून इतका आनंद झाला, आणि लगेच रडू आलं. दिवस भरत आले होते आणि तवसं काही हाती नव्हतं.

मग तिथेच बघत बसले. एक मधमाशी बाहेरून काचेवर टकरा देत होती. गावी वेलीवर माश्या नुसत्या घोंगावायच्या. इथे काजळीबरोबर आम्ही त्यांनाही दार लावलं होतं. मी एक काच काढून टाकली. सासूबाई भडकल्या, आता सगळी काजळी आत येईल म्हणाल्या, अबोला धरला. काच मात्र त्यांनी परत बसवली नाही.

कळा सुरू झाल्या आणि मला इस्पितळात नेलं. मागून सासूबाई आल्या त्या पदराखाली काहीतरी लपवून. तवसं! वीतभरच, पण आमच्या वेलीचं. त्यावर काजळीचा काळा ठिपका होता. मी पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"असूं दे. गिरणीन तीट लावल्यान हा तेका. आता खुशाल बोट दाखय."

पुढची कळ यायच्या आत मी बोट दाखवलं, आणि मग कचकन चावा घेतला.