ओल्या फडक्याखालचा पापुद्रा

माझा पापुद्रा इतका पातळ होता की त्यातून शेजाऱ्याच्या मनातलं दिसावं. बॅटरीतलं पेट घेणारं द्रव काढायचं आणि त्याजागी असा प्लास्टिकचा पापुद्रा बसवायचा, म्हणजे भडक्याची भीती कमी. हा माझा संशोधनाचा विषय. अडचण एकच. लिथियमचे कण त्यातून लाखांदूरच्या एस.टी.सारखे जायचे, प्रत्येक थांब्यावर उतरून चहा पिऊन. सरांनी बजावलं होतं, सोमवारी वेग वाढलेला दिसला नाही तर विषय बदला.

नजरेआड ठेवायचा धीर नव्हता, म्हणून रविवारी मी पापुद्रा हवाबंद बरणीत घालून पवनीला घरी आणला. सकाळच्या बसनं नागपूरला मोजायला न्यायचा होता. बरणीत ओल शोषणारे निळे मणी होते. ओल लागली की ते गुलाबी पडतात. सोमवारी आंघोळ करून येतो, तर सगळे गुलाबी.

बाबा हातमागावर बसले होते.

"बरणी कोनं उघडली?"

"म्या. तुई पपडी कडंनं तडकून राहिली होती. घडीभर वल्लं फडकं घातलं. आपन सुताच्या कांड्या वल्ल्या ठेवतो का नाही? कोरडं सूत तुटते, बाबू."

"बाबा, हे सूत नोहे."

"मंग एवढा नाजूक धंदा कायले कराचा?"

दुसरा पापुद्रा नव्हता. बसमध्ये मला इतका घाम फुटला की कंडक्टरनं छत गळतंय का पाहिलं.

सरांनी पापुद्रा यंत्राला लावला. आकडा चढला, चढतच गेला. सर खुर्चीवरून उठले.

"काय केलंत काय तुम्ही?"

वैनगंगेतल्या मगरीशी गप्पा मारल्याचं गावभर सांगत फिरलेला माणूस मी. इथं तर नुसतं गप्प बसायचं होतं. ओलीनं कण पळतात, हे मला ठाऊक होतं. पाणी लिथियमला लागलं की वायू सुटतो, बॅटरी फुगते, हेही ठाऊक होतं. आणि माझा भाऊ रोज बॅटरीच्या स्कूटरवर बसून वरठीच्या कारखान्यात जातो.

सरांनी वहीवर पेन टेकवलं.

"सर, तो ओला आहे. आमच्या बाबांनी फडकं घातलं."

पेन तसंच थांबलं. मग ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा मोजला. कण परत चहाला उतरले. सरांनी तो आकडा लिहिला आणि वही मिटली.

"महिनाभर देतो," ते म्हणाले. "कोरडा राहून कण पळवेल असा आणा. आणि बरणीला कुलूप लावा."

घरी बाबांनी मागावरचा धोटा थांबवून विचारलं, "झालं का काम?"

"तुमच्या फडक्यानं सर उठून उभे राहिले, बाबा," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.