पूजेतली स्लाइड रूल

आम्ही जुने हॉस्टेलवाले भेटलो की पहिल्या कॉफीलाच किस्से सुरू होतात. शिकवलेलं एक सूत्र कुणाला आठवेल तर शपथ! किस्से मात्र दर भेटीत वाढतातच. मद्रासच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही होतो, ते साठ सालच्या आसपास. मी सांगलीहून गेलेला. तमिळ कळत नव्हतं आणि सांबार सोसत नव्हतं.

*

पहिल्याच दिवशी मेसमध्ये मी स्वतःशीच पुटपुटलो, "भाताशिवाय काही मिळतं की नाही इथं?"

शेजारचा गंध लावलेला मुलगा शांतपणे म्हणाला, "मिळतें की! ताकभात मिळतो."

मी उडालोच. "तू मराठी?"

"आम्ही तंजावरचे. मराठे राजांबरोबर इकडे आलेले. मराठी आमचीच खरी, डा! तुमची तिकडे राहून बिघडली."

हा सेतुराम राव, आमचा सेतू; तमिळ 'डा', म्हणजे आपलं 'अरे', तिकडच्या सगळ्यांसारखं मराठीतही लावणारा. पुढे कॉलेजभर पहिला नंबर कधी त्याचा, कधी माझा. रविवारचं जेवण मात्र कायम त्याच्या मद्रासमधल्याच ट्रिप्लिकेनच्या घरी. त्याच्या आईला मी तिकडच्या रीतीप्रमाणे मामी म्हणायचो. परक्या गावात मला पोळी करून घालणारं ते एकच घर होतं. ते उपकार कसे विसरू?

*

आमचा तिसरा भिडू कुंभकोणमचा कुंजू. परीक्षेआधी विचारावं तर याचं उत्तर ठरलेलं, "काहीच वाचलं नाही, डा!" आणि मार्क बघावे तर भरघोस.

लायब्ररीत मेकॅनिक्सच्या एका चांगल्या पुस्तकाच्या दोनच प्रती होत्या. दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून कुंजूनं हाती लागलेली प्रत वेदान्ताच्या कपाटात लपवायचं ठरवलं. तिकडे कोण फिरकणार? जाड ग्रंथ बाजूला सारून हात आत घातला, तर तिथं आधीच एक पुस्तक दडवलेलं. बाहेर काढून बघतो तर मेकॅनिक्सची दुसरी प्रत!

कुंजू कपाळावर हात मारून म्हणाला, "ऐयो! या कॉलेजात विश्वास ठेवावा असा माणूसच उरला नाही."

*

एकदा एका पाहुण्यांचं इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रावर व्याख्यान झालं. आम्हाला दिवसभर लागणारं गणित ते म्हणे चुटकीसरशी सोडवतं. शेवटी प्रश्न विचारायला एकटा कुंजू उठला.

"सर, ते यंत्र पहिलं आलं, तर दुसऱ्या नंबराला नोकरी मिळेल का?"

हॉल हसला. मला काही हसू आलं नाही, कारण शेवटच्या वर्षी तोच प्रश्न माझ्यापुढे उभा होता. वर्गातल्या पहिल्या एकालाच बंगळूरच्या कारखान्यात ट्रेनिंग आणि लगेच नोकरी मिळणार होती. वडील गेलेले, पाठच्या बहिणी शिकत होत्या. मला ती नोकरी हवीच होती. आणि मध्ये सेतू!

*

आता हा शेवटचा.

निकाल ठरवणारी परीक्षा नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. तिकडे नवरात्रात पुस्तकं, हत्यारं सरस्वतीपुढे मांडतात आणि विजयादशमीपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. मामींनी माझीही स्लाइड रूल मागून घेतली. स्लाइड रूल म्हणजे गुणाकार-भागाकाराची सरकती पट्टी. तेव्हा कॅल्क्युलेटर कुठले! आमचा सगळा जीव त्या पट्टीत.

दसऱ्याला मामींनी ती कव्हरात घालून हातात दिली. "आतां परीक्षेंतच उघड हो. यश येईल."

परीक्षेत उघडली. पट्टीच्या खाचेत चंदन भरभरून लावलेलं आणि वाळून दगड झालेलं! पट्टी सरकेना. ओढलं, ठोकलं, फुंकलं. लॉग टेबलशी तर माझं कधी जमलंच नाही. डोळ्यांपुढे बहिणी दिसायला लागल्या.

इतक्यात माझ्या बाकावर एक स्लाइड रूल येऊन पडली. शेजारी सेतू हात वर करून लॉग टेबल मागत होता.

सर त्याच्याजवळ आले. "राव, तुझी स्लाइड रूल कुठंय?"

"सर, अजून पूजेंतून उठवली नाही."

सर देवळांच्या मैलापूरचे, देवभोळे. पूजा म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही.

लॉग टेबलची पानं उलटता उलटता सेतूचं शेवटचं गणित राहिलं. मी पहिला आलो, तो दुसरा.

त्याची स्लाइड रूल परत द्यायला ट्रिप्लिकेनला गेलो. मामी कॉफी घेऊन बाहेर आल्या, त्याच मुळी सेतूवर डाफरत.

"पाहिलेंस? पाहुणा मुलगा म्हणून याच्या पट्टीला मी सढळ हातानें चंदन लाविलें. तुझ्या पट्टीला नुसता ठिपका, तर तूं दुसरा. सरस्वती बघते बरें!"

मी तोंड उघडणार, तोच सेतूनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

"खरें आहे, आई," तो म्हणाला. "पुढल्या वेळेस मलाही थोडें अधिक लाव."