चपलांच्या रांगेतला फुटाणा

नाशिकहून पहाटे निघायचं ठरलं होतं, निघायला साडेसात वाजले, कारण फुटाणा गाडीत चढेना. हाच कुत्रा वर्षभरापूर्वी दार उघडायची वाट न बघता खिडकीतून आत उडी मारायचा. आता दार सताड उघडं, आत त्याची गोधडी अंथरलेली, आणि हा पठ्ठ्या पुढचा एक पाय उचलून हवेत चाचपत उभा. शेवटी मीच त्याला दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलं आणि कंबर धरून स्टिअरिंगपाशी बसले.

फुटाणा आमच्या कॉलनीतल्या कचराकुंडीपाशी सापडलेला गावठी कुत्रा. लहानपणी तापलेल्या कढईत टाकल्यासारखा उडत असायचा, म्हणून हे नाव. मी बत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. निवृत्त झाल्यावर या शिट्टीचं आणि या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न फुटाण्याने सोडवला. नाशकात काही हौशी मंडळी रविवारी एका मैदानावर आपापल्या कुत्र्यांना अडथळ्यांची शर्यत शिकवतात: आडव्या बांबूंवरून उडी, कापडी बोगद्यातून धाव, रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळणं. चार वर्षं आम्ही दोघांनी ते मैदान गाजवलं. मी बोट करायचे, तो सुटायचा.

मग गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी समोरचा बांबू त्याला दिसलाच नाही. छातीवर आदळला आणि पडला. डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, आधी तिन्हीसांजेला दिसेनासं होतं, मग हळूहळू दिवसाही. औषध नाही आणि उड्या बंद. त्या दिवशी घरी आल्यावर फुटाणा जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसला तो बसलाच. सहा वर्षांचा कुत्रा, पण नुसता एक श्वास घेणारा जीव होऊन पडून राहिला. ते मला बघवत नव्हतं.

मैदानावरच्या एका मैत्रिणीने सांगितलं की कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला एक बाई घरच्या कुत्र्यांना वासाचा खेळ शिकवते, त्यात उडी नाही की पळापळ नाही. मी मनाशी ठरवलं, तिथे याचं मन रमलं तर रमलं. नाहीतर मग याच्या मागे लागायचं नाही, टेबलाखालीच सुखाने बसू द्यायचं. 

वाटेत कराडच्या अलीकडे फुटाण्याने गोधडीवर उलटी केली. रस्त्याकडेच्या एका नळावर मी गोधडी धूत बसले आणि येणारेजाणारे मला धुणं घेऊन निघालेली बाई समजून बघत राहिले. पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. ऊस भरलेल्या ट्रॉलीमागे गाडी अडकली. पुढचा ट्रॅक्टर कर्णे लावून गाणी वाजवत बैलाच्या चालीने निघालेला, ओलांडायची सोय नाही. मी चरफडत होते, एवढ्यात मागे खुडबुड झाली. आरशात बघते तर फुटाणा उठून बसलेला. नाक खिडकीच्या फटीत, नाकपुड्या थरथरतायत. शेजारच्या शेतात गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास रस्त्यावर आला होता. मधला सगळा रस्ता हा मुटकुळं करून पडून होता, तो आता हवा पीत होता. मग त्या ट्रॅक्टरला मी शिव्या देणं बंद केलं.

पद्माक्कांचं घर गावाबाहेर, मागे गोठा, पुढे ऊस, आणि मधे शेणाने सारवलेलं मोठं खळं (धान्य मळायची जागा). पासष्टीच्या पुढच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या बाई. भाऊ भूपालअण्णा शेती बघतात, या गोठा बघतात आणि उरलेल्या वेळात पंचक्रोशीतल्या कुत्र्यांना वळण लावतात. फाटकापर्यंत लंगडत आल्या. उजव्या पायात करकरती कोल्हापुरी, डाव्या पायात निळी रबरी स्लीपर. आठवड्यापूर्वी म्हशीने पायावर पाय दिला होता, सुजलेल्या पायाला चामडं सोसत नव्हतं.

"या की पावणं. लांबनं आलासा," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघायचं सोडून फुटाण्यासमोर उकिडव्या बसल्या.

त्याला हात लावला नाही. हाताची मूठ जमिनीवर टेकवून नुसत्या बसून राहिल्या. मी आपली सवयीने सुरू झाले, त्याचा आजार, त्याचं वय, त्याला काय आवडतं, काय नाही. त्यांनी शांतपणे विचारलं की गळ्यात शिट्टी कशाला आहे आणि पिशवीत काय आहे. पिशवीत फुटाण्याचं बक्षीस होतं, वाळवलेल्या कोंबडीचे तुकडे. घर जैनांचं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी ओशाळले. त्या काही रागावल्या नाहीत, ते सगळं गाडीतच राहू द्या म्हणाल्या. शिट्टीसुद्धा. इथल्या कुत्र्याला बक्षीस म्हणजे दुधात बुडवलेला भाकरीचा तुकडा आणि मानेवर एक थाप. माझ्या हातातली दोन्ही हत्यारं अशी फाटकातच गेली.

त्यांनी मला आधी त्यांच्या राणीचा खेळ दाखवला. राणी म्हणजे वासराच्या रंगाची, लांब पायांची कारवानी कुत्री. खेळ साधा. जमलेल्या सगळ्यांच्या चपला खळ्यावर रांगांनी मांडायच्या, जोड फोडून. त्यातली एक कुत्र्याला हुंगायला द्यायची आणि त्याने तिची जोड शोधून तिच्यापाशी बसायचं. माणसाच्या हातात फक्त सैल दोर. बोलायचं नाही, ओढायचं नाही, बोट करायचं नाही. कुत्रं बसलं की माणसाने हात वर करायचा, तोही एकदाच.

त्या दिवशी घरच्यांच्या आणि गड्यांच्या मिळून तीसेक चपला होत्या. राणीने अण्णांची एक हुंगली आणि नाक जमिनीपासून बोटभर वर ठेवून चालायला लागली. कुठे थांबली नाही. चौथी रांग पार करून दोन पावलं पुढे गेली, झटक्यात वळली, मागे आली आणि एका चपलेपाशी बसली. वारा पाठीमागून होता, वास तिला पुढे गेल्यावर लागला, असं अक्कांनी समजावलं. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. चार वर्षं मी कुत्र्यांचे खेळ खेळले, पण मी फक्त त्यांचे पाय पाहिले होते. नाकाने हे जनावर काय काय वाचत असतं, आणि मी त्याला इतकी वर्षं बोटाने दिशा दाखवत होते.

मग आमची पाळी. फुटाण्याला माझाच पांढरा कॅनव्हासचा बूट हुंगायला दिला. दुसरा दहा पावलांवर. मी "शोध बाळा, तिकडे, अरे तिकडे, शाब्बास" असं जे सुरू केलं ते थांबेना. फुटाणा माझ्या पायाला चिकटून उभा, कान माझ्याकडे.

"बाई, तुमी बोलतासा म्हणून त्यो ऐकत बसतोय," अक्का म्हणाल्या. "त्येला हुंगू द्या की."

बत्तीस वर्षांत मला कोणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. मी ओठ घट्ट मिटले. किती वेळ गेला कोण जाणे, मला तरी तास वाटला. मग फुटाण्याने मान खाली घातली. एक पाऊल टाकलं. थांबला. आणखी एक. आणि मग, माझ्या देवा, त्याची शेपटी हलली. बूट सापडल्यावर त्याने तो तोंडात धरून हलवला, लहानपणी चिंधी हलवायचा तसा. मी रडले. अक्कांनी माझ्या हातात भाकरीचा तुकडा दिला, तो मीच खाल्ला, मग त्यांनी दुसरा दिला.

या घरी रात्रीचं जेवण सूर्य मावळायच्या आत होतं. सहाच्या आत आम्ही सोप्यात (घराच्या पुढच्या पडवीत) पानावर बसलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा (मिरचीचा ठेचा) आणि घट्ट दही. खर्ड्याने कानातून वाफा निघाल्या तरी मी तो दोनदा मागितला. जेवून उठले तोवर बाहेर अंधारून आलं होतं. फुटाणा सोप्याच्या पायरीवर थिजून उभा होता. घरी रोज संध्याकाळी असाच उभा राहायचा. मी त्याला उचलून खाली ठेवलं. अक्का गोठ्यातून हे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारनंतर माणसं जमली. कागलकडची, मुरगूडची, कोल्हापुरातली, प्रत्येकाबरोबर एक कुत्रं. मुरगूडच्या एका किराणा दुकानदारांचा सोन्या नावाचा लॅब्रेडोर चपला शोधायचं सोडून खळ्याच्या मधोमध लोळला आणि ते बिचारे नियम पाळून गप्प, पण चेहरा लालबुंद. लोक पोट धरून हसले. शंभरेक चपलांच्या रांगा लागल्या होत्या, सगळी माणसं अनवाणी. अक्का बाजेवर पाय घेऊन बसलेल्या.

आमचा नंबर शेवटचा आला. उन्हं उसाच्या तुऱ्यांवर गेली होती. अण्णांनी हाताला लागेल ती एक चप्पल उचलून फुटाण्यापुढे धरली. तेल पिऊन काळी झालेली उजव्या पायाची कोल्हापुरी, वर लाल गोंडा.

फुटाण्याने ती बराच वेळ हुंगली आणि निघाला. दोर माझ्या बोटांत नुसता लोंबत होता. पहिली रांग, दुसरी रांग. अधूनमधून चपलेला पाय लागायचा, दचकायचा, पुन्हा नाक खाली. मी त्याच्यामागून चालत होते. पाचव्या रांगेच्या टोकाला तो थांबला, वळला आणि बसला. समोर एक निळी रबरी स्लीपर होती.

मला वाटलं, संपलं. चामड्याची कोल्हापुरी हुंगून कुत्रा रबरापाशी बसतो म्हणजे कालचं सगळं निव्वळ नशीब होतं. आणि त्याच क्षणी मला तिसऱ्या रांगेत ती दिसली, काळी, लाल गोंड्याची, डाव्या पायाची. हुबेहूब. मी दोर ओढला. बोलले नाही, पण ओढला. फुटाणा उठला, माझ्याबरोबर तिसऱ्या रांगेपर्यंत आला, त्या चपलेला नाक लावलं आणि तोंड फिरवलं. मी तिथेच उभी राहिले. तो दोर ताणून पुन्हा पाचव्या रांगेत गेला आणि स्लीपरपाशी बसला. मान वर करून माझ्या दिशेला बघत होता. मी तिसऱ्या रांगेत उभी राहून हात वर केला.

"ती माझी हाय की," मुरगूडचे दुकानदार म्हणाले.

कोणी हसलं नाही. अक्का बाजेवरून उतरल्या आणि लंगडत खळ्यात आल्या. अण्णांच्या हातातली कोल्हापुरी घेऊन उजव्या पायात घातली. मग फुटाण्याजवळ गेल्या आणि सुजलेला डावा पाय त्या निळ्या स्लीपरमध्ये सरकवला.

फाटकात पहिल्याच भेटीत मी ते बघितलं होतं. आणि विसरले होते, कारण माझे डोळे जोड शोधत होते. फुटाणा माणूस शोधत होता.

"त्येचं बरोबर हाय, बाई," अक्का म्हणाल्या. "चुकलं तुमचं." आणि त्याच्या मानेवर थाप दिली.

मी आणखी एक संधी मागितली. निकालासाठी नव्हे, त्याची माफी मागायला म्हणून. अक्कांनी सूर्याकडे बोट केलं. जेवायची वेळ झाली होती, आणि त्या घरात त्यापुढे काही नसतं.

तिथली एक रीत मला माहीत नव्हती. खेळानंतर चपला कोणी उचलत नाही. सगळे अनवाणीच जेवतात, आणि निघताना ज्याची चप्पल त्याच्या कुत्र्याने आणून द्यायची. जेवणं झाली तेव्हा खळ्यावर करडा अंधार उतरला होता. एकेक जण सोप्यात उभा राहून आपल्या कुत्र्याला सोडत होता. राणी गेली, सोन्यासुद्धा गेला. फुटाणा पायरीच्या टोकाला येऊन थिजला. मी त्याला उचलायला वाकले. मग अक्कांकडे बघितलं, आणि हात मागे घेतले. हात पदराखाली एकमेकांत धरून उभी राहिले.

त्याने पुढचा पाय उचलला. हवेत चाचपला, जसा माझ्या गाडीच्या दारात चाचपला होता. नाक वर केलं. आणि पायरी उतरला. मग तो अंधारात कुठे गेला ते मला दिसेना. माझे डोळे चांगले आहेत, तरी दिसेना. जरा वेळाने पायरीवर नखं वाजली आणि माझ्या अनवाणी पायावर ओला कॅनव्हासचा बूट पडला. मी खाली बसेपर्यंत तो दुसरा आणायला गेलासुद्धा.

नाशिकला परत येऊन आता तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, नजर आणखी उतरली आहे, वर्षअखेरीस काही उरणार नाही. ते ऐकून मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण टेबलाखालची जागा रिकामी आहे. शेजारच्या बाई परवा विचारत होत्या, तुमचा एक बूट गच्चीत आणि एक स्वयंपाकघरात डब्यामागे कसा काय, वयामुळे विसरायला होतं का. मी काहीच बोलले नाही. गप्प बसायचं मी आता शिकते आहे, आणि शिकवणारा तेव्हा नाक खाली घालून जिना चढत होता.