फरशीखालची ओल

सोलापुरात ओव्हरसिअर म्हणून लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, आणि जमिनीतलं आपल्याला सगळं कळतं असं मला मनापासून वाटत होतं. विणकरांच्या पेठेतल्या एका गल्लीला शहाबादी फरशी घालायचं काम माझ्या देखरेखीखाली झालं. ऐन वैशाखात. खालची काळी माती इतकी भेगाळली होती की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. आम्ही भेगा मुरमानं बुजवल्या, धुमसानं ठोकून घेतल्या आणि वर फरशी बसवली. बायकांनी त्याच दिवशी तिच्यावर रांगोळ्या काढल्या, आणि मी उगाचच गल्लीतून दोन फेऱ्या जास्त मारल्या.

दिवाळीपर्यंत गल्लीच्या मधोमध फरशी वर आली. दोन्ही कडा जागच्या जागी, मधला भाग मात्र पोट फुगल्यासारखा. पाण्याची कळशी घेऊन येणारी एक म्हातारी तिथं ठेचकाळली आणि तिनं मनगट मोडून घेतलं. तक्रार कचेरीत आली. वरच्या साहेबांनी मला आठ दिवसांत कारण शोधून अहवाल द्यायला सांगितलं.

कारण गल्लीनं आधीच शोधून ठेवलं होतं. सगळी बोटं एका दाराकडं होती. तिथं एक तेलुगू रंगारी राहायचा, साठीच्या घरातला. लुगड्यांच्या काठांसाठी लागणारं लाल सूत तो दारातल्या हौदात रंगवायचा आणि उरलेलं पाणी शेजारच्या खड्ड्यात मुरवायचा. त्याचे हात मनगटापर्यंत लाल असत. मी त्याच्या दारासमोरची फरशी काढून खणायला लावलं. माती ओली निघाली, वर लालसर. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

रंगारी शेजारीच उभा होता. म्हणाला, "साहेब, हा खड्डा माझ्या बापाच्या वेळचा हाय. तवापासनं जमीन कदी उठली न्हाय."

"मग आता का उठली?"

"ओल्या सुतावर गोणपाट टाकून ठेवलं तर सूत वाळत न्हाय. तुमी जमिनीवर दगड टाकलाव की."

मी हसलो. "मामा, सूत वेगळं आणि जमीन वेगळी," असं त्याला शहाणपण शिकवून मी निघालो. दुसरीकडं कुठं खणून बघावं असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पुरावा हातात होता आणि गल्ली खूश होती. अहवाल एका पानात मावला.

हौद फोडायला गवंडी आले तेव्हा मला हजर राहावं लागलं. रंगाऱ्यानं आतलं शेवटचं सूत काढून पिळलं, दांडीवर टाकलं आणि विचारलं, "आता रंगवू कुटं?" मी गावाबाहेर जागा बघायला सांगितलं. गावाबाहेर त्याला पाणी कोण देणार होतं, हे मला विचारावंसं वाटलं नाही. महिन्याभरात तो गिरणीत गाठी उचलायच्या कामावर लागला. त्या वयात.

फरशी आम्ही पुन्हा सपाट बसवून घेतली. पुढच्या पावसाळ्यानंतर ती परत उठली, आणि या वेळी गल्लीच्या वरच्या टोकाला, एका मास्तरांच्या घरासमोर जास्त. तिथं रंगाचा थेंबही कधी पडला नव्हता. मला जेवण गोड लागेना. चैत्रातल्या एका सकाळी, कुणी सांगितलेलं नसताना, मी दोन मजूर घेऊन तिथं खणलं. गल्लीच्या कडेची उघडी माती भाकरीसारखी कडक, भेगांनी फाटलेली. चार हातांवर, फरशीखाली, तीच माती मळलेल्या कणकेसारखी. कोपऱ्यावरच्या विहिरीत दोर सोडून पाहिला. पाणी इतकं खोल गेलं होतं की खालून ओल चढण्याचा प्रश्नच नव्हता. फटींतून उतरलेलं पावसाचं पाणी आणि जमिनीची स्वतःची वाफ, दोन्ही दगडाखाली कोंडून राहत होती. कडेची माती उन्हानं आकसायची, मधली फुगत राहायची. मी खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो. मला त्या गोणपाटाची आठवण झाली.

तसाच साहेबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे फरशी घातली म्हणून फरशी उठली, असं लिहून देणार का तुम्ही?"

"निदान त्या रंगाऱ्याला हौद बांधू द्यावा, साहेब."

"दिलेला अहवाल मागं घेता येत नाही. तो विषय संपला."

मी बाहेर आलो. राजीनामा द्यावा असं वाटलं, पण तेवढी छाती माझ्यात नव्हती.

दुपारी रंगाऱ्याच्या घरी गेलो. गिरणीला सुट्टी होती, तो ओट्यावर बसला होता. त्यानं मला पाणी दिलं तेव्हा मी त्याचे हात पाहिले. लाल रंग पार गेला होता. नखांतसुद्धा नव्हता. मी म्हणालो, "मामा, तुमचंच खरं होतं. मी वरच्या अंगाला खणून पाहिलं."

तो चिडेल म्हणून मी तयारीनं गेलो होतो. तो चिडला नाही. त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि ते मला जास्त जड गेलं.

"मग हौद परत बांदू का, साहेब? विटा ठेवल्यात मी मागं."

खरंच ठेवल्या होत्या. परसात फोडलेल्या हौदाच्या विटा एकावर एक रचून, वर गोणपाट टाकून.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

विचारून तर सकाळीच झालं होतं.